डुकराची वाट नकाशावर

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

माझी सारी नोकरी दुसऱ्यांची वावरं मोजण्यात गेली. भूमिअभिलेख खात्यात मी भूकरमापक होतो. लोक म्हणायचे ‘मोजणीवाले साहेब’. खात्यात आलो तेव्हा शंकू आणि साखळी घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरावं लागे. ती साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशेब डोक्यात इतका बसला होता की घरात सतरंजी अंथरली तरी ती किती आण्यांची, हे मनात यायचं. निवृत्त झाल्यावर मोर्शीत घर केलं आणि वडिलार्जित चार एकरांचा संत्र्याचा बगिचा सांभाळू लागलो. वाटलं, आता नकाशाची नि आपली फारकत झाली. ती झाली नाही, आणि त्याला कारण झालं रानडुक्कर.

एका सकाळी बगिच्यात गेलो तर झाडांची आळी उकरून ठेवलेली, ठिबकच्या नळ्या चावून फेकलेल्या. शेजारच्या वावरातला चना असा लोळवलेला, की रात्री कोणी वखर फिरवला की काय असं वाटावं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. जे शहरात राहतात त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की आमच्याकडचा शेतकरी दिवसभर वावरात राबतो आणि रात्री पुन्हा वावरात जातो. त्याला जागली म्हणतात. डबे वाजवायचे, फटाके फोडायचे, टॉर्च फिरवायचा, आणि एवढं करून पहाटे डोळा लागला की त्याच अर्ध्या तासात कळप येऊन जातो. महिनाभर जागली केलेल्या माणसाचे डोळे एकदा जवळून पाहा. त्याला सकाळी कोणी शहाणपण शिकवू नये.

अशाच एका शेजाऱ्याने मला विचारलं, “काका, तुमी नकाशेवाले. हे डुक्कर कोठून येते, ते तुमच्या कॉम्प्युटरात दिसते काय?”

आजचं बोलणं या प्रश्नाविषयी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे शिकारीचं भाषण नाही. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची तरतूदच काढून टाकली. हौसेची शिकार संपली, ते चांगलंच झालं. पण जमीन वाचून जनावर कुठे असेल हे ओळखण्याची विद्या शिकाऱ्यांची आहे, आणि ती शेतकऱ्यालाही लागते, वनरक्षकालाही लागते. शिकार गेली म्हणून ती विद्या निरुपयोगी ठरत नाही.

जिथे शिकारीला परवानगी आहे, तिथे या विद्येचं रूप पार बदललं आहे. अमेरिकेतला शिकारी हंगामापूर्वी महिना-महिना घरी बसून पडद्यावर डोंगर पाहतो. दोन टेकड्यांमधली खिंड कुठे, शेत आणि झाडी यांची शिवण कुठे, पाणी कुठे, आणि कुठली जमीन सरकारी नि कुठली खासगी, हे सगळं त्याच्या मोबाईलवर असतं. या नकाशांवरून तिथे एक मोठा खटलाही झाला. वायोमिंग राज्यात एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एक चौरस मैल सोडून एक चौरस मैल अशा जमिनी दिल्या गेल्या. त्यामुळे खासगी आणि सरकारी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी झाली. २०२१ साली मिसुरी राज्यातल्या चार शिकाऱ्यांनी मोबाईलवरच्या नकाशाच्या आधाराने सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून थेट दुसऱ्या सरकारी चौकोनात पाऊल टाकलं. त्यासाठी त्यांनी लोखंडी शिडी वापरली, म्हणजे खासगी मातीला पाय लागायला नको! जमीनमालकाचं म्हणणं, माझ्या जमिनीवरची हवाही माझीच. खटला बराच काळ चालला आणि २०२५ साली तिथल्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. धुऱ्यावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टात जाणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हा खटला समजावून सांगावा लागणार नाही.

आता मोर्शीकडे येऊ. गूगल अर्थ २००५ साली आलं आणि आपल्या इस्रोचं ‘भुवन’ २००९ साली. मी माझ्या पुतण्याकडून हे शिकलो. पहिल्यांदा वरून मोर्शी पाहिली तेव्हा अक्षरशः हरखलो. उत्तरेला सातपुड्याची रांग, सालबर्डीची दरी, पूर्वेकडून वर्धा नदी, सिंभोऱ्याचं १३ दरवाज्यांचं धरण आणि त्यामागे हातापायांची बोटं पसरल्यासारखा अप्पर वर्धाचा जलाशय. ज्या गावांचे गट मी पायी मोजले, ती सगळी एका दृष्टिक्षेपात. जुन्या सर्वेक्षण नकाशांवर अठ्ठ्याहत्तरावा रेखांश मोर्शीला जवळजवळ खेटून जातो. त्यामुळे आमचा तालुका नेहमी दोन पानांवर फाटलेला. पाने शेजारी जोडून पाहावी लागत. इथे मात्र जोडच नाही.

हरखलेला माणूस घाईने निष्कर्ष काढतो. मीही काढला. जंगल उत्तरेला, डुक्कर जंगलातलं जनावर, म्हणजे डुकरं सातपुड्यातून येतात. मी डोंगरापासून आमच्या शिवारापर्यंत तीन लाल बाण काढले, रंगीत प्रिंट घेतला आणि मोठ्या ऐटीत एका माणसाला दाखवला.

तो माणूस फासेपारधी समाजातला. त्याचा बेडा शिवाराच्या कडेला. तरुणपणी फासे लावून तितर-बटेर धरलेला, पुढे ते सोडून मजुरीला लागलेला. या समाजाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण लोकांची नजर रद्द झाली नाही. गावात काही हरवलं की पोलीस आधी बेड्यावर. त्यामुळे या माणसांकडे जमिनीचं केवढं ज्ञान आहे, हे विचारायला आपल्यापैकी कोणी गेलंच नाही. मीही गेलो नसतो. माझ्या बगिच्यात तो कुंपणाच्या कामाला आला होता म्हणून विषय निघाला.

त्याने कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “सायेब, यात डोंगर कोठी हाय?”

“वर. उत्तरेला.”

“अन् आपलं वावर?”

“हे खाली.”

“किती लांब पडते?”

मी म्हणालो, “सरळ रेषेत बारा किलोमीटर.”

तो हसला. म्हणाला, “डुक्कर काय येष्टीनं येते?”

मी गप्प झालो. मग त्यानेच सांगितलं, “पानी, पोट अन् पांघरून. हे तीन जेथं कोसभरात हायेत, तेथं डुक्कर हाय. पोट त तुमच्या वावरातच हाय. तुमी वरून पायता, त पांघरून पाहा.”

श्रोतेहो, मी अनेक प्रशिक्षणं केली आहेत. नकाशा कसा पाहावा हे इतक्या कमी शब्दांत मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या रात्री मी पुन्हा संगणकापुढे बसलो आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे चित्राची तारीख बदलली. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं पाहण्याची सोय आहे. घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की त्याच जागेची मागच्या वर्षांची चित्रं मिळतात. मी आतापर्यंत पाहत होतो ते चित्र पावसाळ्यानंतरचं. ऑक्टोबरात सगळं शिवार हिरवं. त्यात लपण काय आणि पीक काय, काही कळत नाही. मी मे महिन्याचं चित्र उघडलं. मे महिन्यात वऱ्हाड मातकट होतं. पऱ्हाटी निघालेली, तूर निघालेली, गहू-चना निघालेला. त्या मातकट कागदावर जे हिरवं उरतं, ते फक्त दोन प्रकारचं. एक बगिच्यांचं: ओळीत, मोजून मापून, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं. दुसरं वेडंवाकडं, गोळ्यागोळ्यांचं, नाल्याच्या वळणाला धरून गेलेलं. ती वेडी बाभूळ आणि झुडपं. ते पांघरूण.

आणि ते पांघरूण आमच्या धुऱ्यापासून अवघ्या सातशे मीटरवर होतं. नाल्याच्या एका वळणावर अर्ध्या-पाऊण एकराची दाट जाळी. तिथून नाला रस्त्याखालच्या मोरीतून जातो. मोरीच्या अलीकडे दोन बगिच्यांमधून एक जुनी पांदण; कित्येक वर्षं बंडी न गेल्यामुळे झुडपांनी बुजलेली. नाल्याचं दुसरं टोक जलाशयाच्या फुगवट्याकडे. म्हणजे दिवसा जाळी, संध्याकाळी पाणी, रात्री मोरीतून पांदणीने थेट आमच्या चन्यात. उघड्या रानात डुकराला शंभर पावलंसुद्धा चालावं लागत नव्हतं. नुकसान चौदा वावरांचं होत होतं, पण वाट एकच होती.

अर्थात हे चित्रात दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ती वाट चालून आलो. त्याने मला मोरीच्या भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर घासलेला वाळका चिखल दाखवला. तारेला अडकलेले राठ केस दाखवले. ओल्या मातीत डुकराच्या खुरामागे दोन लहान खुरांची खूण बाहेरच्या बाजूला उमटते, रोह्याची तशी सहसा उमटत नाही, हे दाखवलं. चित्रात मी जिथे दुसरी जाळी म्हणून खूण केली होती, तिथे गेलो तर पऱ्हाटी उभी होती! चित्र दोन वर्षांपूर्वीचं. मधल्या काळात मालकाने झुडपं काढून जमीन वहितीत आणली होती. माझा सोबती म्हणाला, “तुमचा फोटू वरून पायते सायेब, पन डुक्कर खालून चालते.”

तर ज्यांना हे करून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, नुकसानीची नोंद ठेवा. कुठल्या रात्री, कुठल्या वावरात, कुठल्या बाजूने. पंधरा दिवसांच्या खुणा नकाशावर टाकल्या की त्या आपोआप एका दिशेला झुकतात. नोंदीशिवाय नकाशा म्हणजे नुसतं चित्र.

दुसरी, एकाच जागेची किमान दोन ऋतूंतली चित्रं पाहा. मे महिन्यातलं लपण दाखवतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं पीक दाखवतं. युरोपच्या सेंटिनेल-दोन उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवी येतात. त्यांत दहा मीटरचा चौकोन म्हणजे एक ठिपका. झाड दिसत नाही, पण कुठला पट्टा अजून हिरवा आहे हे नक्की कळतं. झाड पाहायला जुनं पण बारीक चित्र आणि हिरवळ पाहायला ताजं पण जाड चित्र, अशी दोन्ही वापरावीत.

तिसरी, संगणकावर दिसणाऱ्या चढउतारांवर फार विसंबू नका. जगाच्या उंचीची जी मोजणी सर्वांना खुली आहे, तिच्यातली फार मोठी मोजणी फेब्रुवारी २०००मध्ये एका अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने केली. काम थोरच, पण त्यात तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते. सातपुडा त्यात झकास उभा राहतो. आमचा तीन मीटर रुंदीचा नाला मात्र त्यात बुडून जातो. सपाट काळ्या मातीच्या मुलखात नाला शोधायचा तो झाडीच्या रेषेवरून आणि सावलीवरून.

चौथी गोष्ट जुन्या खात्याशी इमान म्हणून सांगतो. उपग्रहाचं चित्र आणि गावनकाशा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. मोबाईलचं स्थानही पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं. डुकराची वाट शोधायला तेवढी चूक चालते. धुऱ्याचं भांडण सोडवायला चालत नाही. मोबाईल हातात घेऊन शेजाऱ्याच्या वावरात खुंट्या ठोकायला जाऊ नका. त्यासाठी रीतसर मोजणी मागवा.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. गावाने मिळून पांदण मोकळी केली. त्यामुळे बंड्यांचीही सोय झाली. मोरीच्या तोंडाशी जाळीचं कुंपण घातलं. पाणी वाहून जावं म्हणून खालून फट ठेवली आणि तिथे दगड रचले. दोन बगिच्यांना सौर कुंपण घेतलं. त्याचा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकतं, मरत नाही. आणि चौदा ठिकाणची जागली बंद करून पाळीपाळीने एकाच जागी दोन माणसं बसू लागली. नुकसान थांबलं असं मी म्हणणार नाही. ते कमी झालं. पण चौदा घरांतली माणसं रात्री घरी झोपू लागली, हे मला पिकाइतकंच मोलाचं वाटतं.

इथे भाषण संपवता आलं असतं, आणि पूर्वी मी ही हकीकत इथेच संपवत असे. पण पुढचं सांगितलं नाही तर ती खोटी होईल.

आमच्या शिवारातला बदल पाहून बाजूच्या एका गावातली पोरं आली. म्हणाली, आम्हालाही नकाशा करून द्या. मी दोन दिवस बसून नकाशा केला. जिथे वाट अरुंद होते, जनावराला जिथून जावंच लागेल, अशा तीन जागांवर लाल गोल काढले. कागद दिला. पोरांनी त्याचा फोटो काढला आणि मोबाईलवरून तो गावभर गेला. आपलं काम लोकांच्या उपयोगी पडतंय, याचा मला आनंद होता. तो लपवत नाही.

महिनाभराने, मृगाच्या तोंडावर, त्यातल्या एका लाल गोलात कोणीतरी रात्री जिवंत तार लावली. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून वीज घेतलेली. पहाटे ती काढायची राहिली असावी. फटफटायच्या आधी एक शेतकरी बंडी घेऊन त्या वाटेने निघाला. बंडीत त्याचा दहा वर्षांचा मुलगा. डावीकडचा बैल जागीच गेला. उजवा कोसळला आणि उठला. माणूस खाली उतरला नाही म्हणून वाचला. मुलगा झोपेत होता म्हणून वाचला. पेरणी चार दिवसांवर होती.

मी दुपारी तिथे गेलो. पंचनामा चालू होता. तार कोणी लावली, पुढे काय झालं, हा या भाषणाचा विषय नाही. मी त्या शेतकऱ्याजवळ जाऊन उभा राहिलो. काय बोलावं सुचेना. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, तुमचा गोल बराबर होता.”

त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

नव्या बैलाच्या किमतीत मी वाटा उचलला. त्याने तो घेतला. एवढ्याने हिशेब मिटला, असं मला त्या दिवशी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

संध्याकाळी मी बेड्यावर गेलो आणि माझ्या त्या जाणत्या सोबत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो म्हणेल यात तुमचा काय दोष. तो तसं म्हणाला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “आमच्यात वाट कोनालेबी सांगत नाईत. आंधी त्याचा हात पायतात, का हातात काय हाय. मंग वाट.”

मोजणीच्या खात्यात आम्हाला शिकवलं होतं, नकाशा निःपक्ष असतो. धुरा कोणाच्या बाजूने पडला याच्याशी मोजणाऱ्याला कर्तव्य नाही. ते धुऱ्यापुरतं खरं आहे. जिवंत प्राण्याच्या वाटेचा नकाशा तसा नसतो. वाट दाखवली की तिच्यावर काय मांडलं जाईल, याची थोडी जबाबदारी दाखवणाऱ्याकडे येते.

आणि ही भीती फक्त माझ्या गावापुरती नाही. २०१३ साली पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या गळ्यातल्या पट्ट्याची माहिती ज्या ई-मेल खात्यावर येत होती, ते खातं कोणीतरी परक्या ठिकाणाहून उघडण्याचा प्रयत्न केल्याचं उघडकीस आलं. माहिती बाहेर गेली नाही, पण वाघाचा ठावठिकाणा घरबसल्या कळू शकतो, हे त्या वेळी सगळ्यांना उमगलं. त्याच वर्षी आपल्या मेळघाटात वाघांच्या शिकारीचं मोठं प्रकरण उजेडात आलं होतं.

शिवाय नाला काय फक्त डुकराचा असतो? २०१८च्या ऑक्टोबरात एका वाघाने आपल्या धामणगाव रेल्वे तालुक्यात दोन माणसं मारली आणि मग तो उत्तरेकडे सरकत मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या सारणीपर्यंत गेला. तिथे त्याला डिसेंबरात पकडलं. मधलं सगळं अंतर शेतांचं, बगिच्यांचं, गावांचं. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घेऊन विदर्भ-मराठवाड्यातून फिरत फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची चाल नकाशावर पाहिली की कळतं, आपण ज्याला नुसतं शिवार म्हणतो, त्यातून अशा अनेक वाटा जातात. आणि ज्या तारेवर डुक्कर मरतं, तिच्यावर वाघही मरतो. २०१७च्या एप्रिलमध्ये नागभीड तालुक्यात ‘श्रीनिवास’ हा वाघ शेताच्या कुंपणातल्या विजेच्या धक्क्यानेच गेला. दर हंगामात अशा तारांवर माणसंही जातात. बहुधा तार लावणाऱ्याचाच शेजारी, कधी त्याच्या घरातलंच कोणी.

मग नकाशा करणं सोडावं का? काही दिवस मी सोडलं होतं. पण तो बैल नकाशाने मारला नाही. एकट्याने गुपचूप तार लावण्यापर्यंत गेलेल्या माणसाच्या हतबलतेनेही त्यात हात दिला होता. नुकसान होतं ते खरं आहे. डोळ्यांदेखत पीक जाणाऱ्या माणसाला नुसतं “कायदा पाळ” म्हणून भागत नाही. त्याला दुसरी वाट दाखवावी लागते. म्हणून मी काम पुन्हा सुरू केलं, पण रीत बदलली.

आता मी कोणाला कागद देत नाही. ज्याचं वावर, त्याने यावं, माझ्यासोबत पडद्यापुढे बसावं, आणि मग आम्ही दोघांनी ती जागा चालून पाहावी. लाल गोल मी काढत नाही. कुठे अडवायचं हे वाटेवरच्या सगळ्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून ठरवायचं. चारचौघांत ठरलेल्या जागी कोणी चोरून तार लावत नाही. आणि वाघ-बिबट्याची खूण दिसली तर ती नकाशावर टाकायची नाही, फोटो पुढे पाठवायचा नाही; सरळ वनविभागाला कळवायचं.

राहिली सरकारी बाजू. रानडुक्कर आणि रोही यांचा उपद्रव फार झाला, तर वनविभागाकडे अर्ज करून ती मारण्याची परवानगी मागता येते; राज्य शासनाने २०१५ साली त्याची कार्यपद्धती ठरवून दिली. ती परवानगी लेखी असते, तिला अटी असतात, आणि फासा किंवा विजेची तार यांना ती कधीच लागू होत नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते, पण अर्ज लगेच करावा लागतो. इथे मोबाईलचा खरा उपयोग आहे. उकरलेल्या जागेचा, खुरांच्या ठशांचा स्थान आणि तारीख उमटलेला फोटो काढा, सातबाऱ्यावरचा गट नंबर लिहा, आणि पंचनामा होईपर्यंत ती जागा मोडू नका. माझ्या पाहण्यातल्या ज्या प्रकरणांत असा फोटो होता, ती लवकर मार्गी लागली.

मागच्या महिन्यात एक तरुण माझ्याकडे आला. ओळखलंत काय काका, म्हणाला. मी ओळखलं नाही. बंडीत झोपलेला तोच मुलगा. आता बापाचं वावर तो पाहतो. त्याने मोबाईल काढून दाखवला. स्वतःच मे महिन्याचं चित्र शोधलं होतं, नाल्याकाठची जाळी ओळखली होती, कळप कुठून येतो याचा अंदाजही बांधला होता. मला म्हणाला, “बराबर हाय काय, तेवढं पाहा.”

मी चष्मा लावला, पाहिलं. अंदाज चांगला होता. विचारलं, “वाट चालून पायली काय?”

“नाई अजून.”

काठी घेतली, पायांत जोडे घातले आणि त्याला म्हटलं, “मंग चाल.” वाटेत बेड्यावर थांबलो. म्हातारा आता फार चालू शकत नाही, पण नाल्याच्या काठापर्यंत आमच्याबरोबर आला. पोराला त्याने आधी हात दाखवायला सांगितले. मोबाईल खिशात ठेवून पोराने दोन्ही हात पुढे केले. म्हाताऱ्याने ते पाहिले, आणि मग बोट उचलून वाट दाखवली.